पखवाज कोण वाजवणार?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गावांतून मागणी आली म्हणून इथे छापत आहोत.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. दरवर्षी मी वसुली आणि पुस्तकं लिहिण्यावर बोलते आणि निम्म्या जणींना डुलकी लागते, ते मला इथून दिसतं. म्हणून यंदा मी वेगळा विषय घेतला आहे. आपल्या एका गावात नऊ बायकांनी भजनी मंडळ काढलं. सगळ्यात धाकटी एक्केचाळीस वर्षांची, थोरली अठ्ठावन्न. ते कसं जमलं आणि आधी कसं फिसकटलं, ते सांगते. फिसकटलं त्यात माझी चूक होती, तीही सांगते.

सुरुवात एका मासिक बैठकीत झाली. सह्या झाल्या, बचत मोजून झाली, पण पाऊस लागला म्हणून सगळ्या पडवीत अडकल्या. एका काकूंनी सहज ओवी धरली. दुसरीनं पुढची ओढली. अर्धा तास कुणी उठलंच नाही. पाऊस उघडल्यावर काकू म्हणाल्या, "लगीन व्हायच्या आधी मी लई गायची. सासरी आल्यावर गळाच बसला बघ." मग एकेक जण बोलायला लागली. एकीचे वडील पेटी वाजवायचे. एकीनं शाळेत बक्षीस मिळवलं होतं. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, "आता ह्या वयात काय!"

मी समाजकार्य शिकून आलेली, उत्साह दांडगा. मी म्हटलं, आपण मंडळ काढू! तीन गावांत फिरले, कोणाचा आवाज चांगला ते विचारलं आणि चौदा चांगल्या गळ्यांची यादी केली. पहिल्या दिवशी चौदाच्या चौदा आल्या. दोन महिन्यांनी पाच उरल्या.

का मोडलं? तेव्हा मला वाटलं, बायकांना चिकाटी नाही. नंतर एकेकीच्या घरी जाऊन बसले तेव्हा कळलं. एकीला फक्त अभंग म्हणायचे होते, दुसरीला लग्नातली गाणी. एकीला स्पर्धेत उतरायचं होतं, तर दुसरीला चार घटका जीव रमवायला यायचं होतं. दोघींचे आवाज इतके मोठे की बाकीच्यांना आपलंच गाणं ऐकू येईना. आणि बाहेरगावच्या तिघींना रात्री परत सोडायला कोणी नव्हतं. मी गळे गोळा केले होते. त्या बायकांना एकमेकींबरोबर बसायचं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

खरं तर हे आपल्याला माहीत असलेलं आहे. बचत गट करताना आपण काय बघतो? सगळ्यात श्रीमंत दहा बायका घेतो का? नाही. एका वस्तीतल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या, अडीनडीला धावणाऱ्या घेतो. मंडळाला मी तोच नियम लावायला हवा होता.

दुसऱ्या वेळी आम्ही एकाच गावात राहिलो. ज्या पाच उरल्या होत्या त्यातल्या चौघी तिथल्याच होत्या. त्यांनीच बाकीच्या शोधल्या, मी नाही. यायचं म्हणणाऱ्या प्रत्येकीला चार गोष्टी विचारायच्या ठरल्या. आठवड्यातून कोणता दिवस आणि कोणती वेळ घरून नक्की मिळेल? काय गायला आवडतं आणि काय अजिबात नको? गावाबाहेर कार्यक्रमाला यायला जमेल का? आणि चौथी, कुणी तुझा सूर चुकला म्हणालं तर चालेल का?

ह्या चौथ्या प्रश्नावर दोघी हसून परत गेल्या. बरंच झालं.

आणखी एक ठरवलं. पहिल्या तीन बैठका नुसतं येऊन बसायचं, गायचं, कोणी कोणाला हो किंवा नाही म्हणायचं नाही. तीन वेळा बरोबर बसलं की आपोआप कळतं. कोण वेळेवर येते, कोण दुसरीचं ऐकून घेते, कोण फक्त स्वतःचं पुढे रेटते. गटात नवी सभासद घेताना आपण थोडे दिवस बघतोच की, तसंच हे.

काय गायचं ह्यावर मात्र खरी चर्चा झाली. बौद्ध वस्तीतल्या एक मावशी येत होत्या. आवाज खणखणीत, ताल पक्का. त्या भीमगीतं गायच्या. त्यांनी सरळ विचारलं, "मी तुमचे अभंग म्हनीन, पन माझी गाणी तुमी म्हनशिला का?" सगळ्या गप्प. मग आमच्या थोरल्या आक्का म्हणाल्या, "सोयराबाईचा अभंग म्हणतो की आपण. ती कोण होती?" सोयराबाई म्हणजे चोखामेळ्यांची बायको. त्यांची बहीण निर्मळा, तीही अभंग रचायची. आपल्याकडे जनाबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई ह्या सगळ्यांनी रचना केल्या. मग आपणच कुणाला बाजूला कसं ठेवायचं? ठरलं की मंडळात अभंग, गवळण, ओव्या आणि भीमगीतं, सगळं होईल. एकीला ते पटलं नाही, ती आली नाही. तिच्याशी भांडण केलं नाही. गटाच्या बैठकीला ती आजही शेजारी बसते.

ओव्यांचं म्हणाल तर आपण त्यांना फार हलकं समजतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हां ह्या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कोणी रचल्या? तुमच्या आया-आज्यांनी. पहाटे दळता दळता. मी हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मग माझ्या आईच्या बी लिहून घे." आता आमच्या वहीत त्या आहेत.

आता वाद्यांचं. एका वहिनींच्या सासऱ्यांची पेटी माळ्यावर पडून होती. भाता फाटलेला, दोन सूर अडकलेले. दुरुस्त करून घेतली. टाळ घरोघरी होते. शिकवायला शेजारच्या वाडीतले एक बुवा तयार झाले. त्यांनी सगळा जन्म पुरुषांना शिकवलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या सवयीची पट्टी धरली आणि बायकांचे आवाज फाटायला लागले. सगळ्यांना वाटलं, आपल्याला येतच नाही. दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी पेटीवाल्या वहिनी धीर करून म्हणाल्या, "बुवा, जरा पट्टी बदलून बघूया का?" एकेक पट्टी बदलत गेले आणि काळी चारला सगळ्यांचा गळा मोकळा झाला. बुवा स्वतःच म्हणाले, "माझं चुकलं, मी माझ्या गळ्याचं बघत होतो." तायांनो, हे मी मुद्दाम सांगते. जमत नाही असं वाटलं की लगेच स्वतःला दोष देऊ नका. आधी पट्टी कोणाची आहे ते बघा.

राहिला पखवाज. तो कोण वाजवणार? सगळ्या म्हणाल्या, पुरुष आणू. दोघे आले. एक जण दर वेळी उशिरा यायचा, दुसरा बायकांना मध्येच थांबवून शिकवायला लागायचा. मग आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "मी बघू का?" वय सत्तेचाळीस. दहा वर्षांपूर्वी मालक गेले. दोन एकर शेती, एक म्हैस, पोरगा कामाला बाहेर. तोवर त्या मंडळात सगळ्यात कमी बोलणाऱ्या.

बुवांनी आधी बोल तोंडपाठ करून घेतले. भजनी ठेका आठ मात्रांचा. ह्या ताई गुडघ्यावर, पिठाच्या डब्यावर, बांधावर बसून ठेका धरायच्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, त्याशिवाय आवाज खोल येत नाही. बुवा ती कशी भिजवायची ते समजावायला लागले, तर ह्या म्हणाल्या, "बुवा, कणीक मला नका शिकवू." त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. आणि खरंच, त्यांच्या हातची कणीक पहिल्या वेळीच बरोबर बसली.

पखवाज आम्ही देवळातला मागून आणत होतो. चार महिने झाल्यावर एके दिवशी निरोप आला की बायकांनी त्याला हात लावायचा नाही. कारण सरळ सांगितलं नाही, पण आपल्या सगळ्यांना कळलं. अडचणीच्या दिवसांचं कारण, शिवाय बाई विधवा. ताईंचे दीर घरी येऊन म्हणाले, "घराण्यात कोणी असं केलं नाही." ताई पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी जाऊन समजावणार होते. आक्कांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "पोरी, तू जाशील, बोलशील आन मोटरसायकलवर बसून निघून जाशील. तिला हितंच ऱ्हायाचंय. आमीच जातो." आठही जणी गेल्या. भाषण नाही, वाद नाही. म्हशीच्या गोठ्यात बसून चहा प्यायल्या आणि तिथेच दोन अभंग म्हटले, बिनपखवाजाचे. ताई ऐकत होत्या. तिसऱ्याला त्यांनी चाऱ्याच्या पाटीवर ठेका धरला. तीन तास हे चाललं. जाताना आक्का दिरांना एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आमाला हिच्याशिवाय जमत न्हाई."

मंडळाने त्या दिवशी दोन नियम केले. एक, कोणाला कोणते दिवस आहेत हे मंडळात विचारायचं नाही. दोन, पखवाज स्वतःचा घ्यायचा.

आता पैशाचं. कोणी म्हणालं, गटातून कर्ज काढू. आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष त्यातल्याच, त्यांनी विचारलं, "परतफेड कोणाच्या नावावर? त्यातून उत्पन्न कुठलं?" उत्तर नव्हतं, म्हणून कर्ज घेतलं नाही. नऊ जणींनी दरमहा पन्नास रुपये वेगळे काढायचे ठरवले, गटाच्या बचतीला हात न लावता. महिन्याला ४५० रुपये. दहा महिन्यांत ४,५०० झाले आणि बुवांच्या ओळखीने जुना पण चांगला पखवाज मिळाला. तोपर्यंत ताईंनी पिठाच्या डब्यावरच साथ केली. वहीत लिहून ठेवलं आहे, वाद्य मंडळाच्या मालकीचं. कोणी सोडून गेली तर तिचे भरलेले पैसे परत, वाद्य मात्र इथेच. सगळ्यांच्या सह्या आहेत. हे आधी लिहा बरं का, मागून लिहायला गेलं की भांडण होतं.

पहिला कार्यक्रम शेजारच्या वाडीच्या सप्ताहात मिळाला. दुपारी, जेवणाच्या पंगती उठता उठता, वीस मिनिटं. ऐकायला पुढे लहान पोरं आणि म्हातारी माणसं. दुसऱ्या अभंगात लय पळाली, गवळणीत एक कडवं राहिलं. पण पखवाज थांबला नाही. मागे मांडवाच्या खांबाला टेकून ताईंचे दीर उभे होते. काही बोलले नाहीत. परत येताना पखवाज मात्र त्यांनी उचलून गाडीत ठेवला. एवढंच झालं, मी वाढवून सांगत नाही. देवळातला पखवाज अजून मिळालेला नाही.

आपणच पहिल्या असंही नाही. बिहारमध्ये पाटण्याजवळ ढिबरा नावाचं गाव आहे. तिथल्या दलित बायकांनी सरगम महिला बँड काढला. शेतात मजुरी करणाऱ्या ह्या बायका गळ्यात ड्रम अडकवून लग्नाकार्यात वाजवतात. त्यांना ह्यात घालणाऱ्या सुधा वर्गीस, ज्यांना २००६ साली पद्मश्री मिळाली. त्या बायकांनाही गावाने नावं ठेवली होती. आता त्यांना सुपारी देऊन बोलावतात. आपल्या मंडळाला अजून सुपारी मिळत नाही, प्रवासखर्च आणि नारळ मिळतो. कमाई होईल असं मी कोणाला सांगणार नाही.

मग मिळालं काय, असं अध्यक्षताई मला विचारतील. त्या नऊ जणी तीन वेगवेगळ्या गटांतल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात एकीच्या घराची भिंत पडली, तेव्हा पहिल्या धावल्या त्या मंडळातल्या. पखवाजवाल्या ताई ग्रामसभेत उभ्या राहून पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या, मी स्वतः ऐकलं. मंडळामुळेच बोलल्या असं मी म्हणत नाही. पण आवाज मोठा होता.

तुमच्या गावात कोणाला वाटत असेल तर पुढच्या बैठकीत कामकाज संपल्यावर अर्धा तास थांबा. यादी करू नका, नुसतं गा. कोण कोणाच्या मागे म्हणते ते बघा. वार आणि वेळ ठरवा, घरच्यांना आधी सांगा. तीन वेळा बसल्याशिवाय वाद्य घेऊ नका. आणि सुरात नसलेल्या बाईला लगेच घालवू नका. टाळ धरायला, वही लिहायला, हिशोबाला माणूस लागतंच. आमच्याकडे ते काम मी करते, कारण मला अजिबात गाता येत नाही. पहिल्याच दिवशी मला तसं सांगण्यात आलं.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. आता नऊही जणी मागे बसल्या आहेत, वाद्यं आणली आहेत. अध्यक्षताईंनी परवानगी द्यावी, म्हणजे मी खाली बसते आणि त्यांना पुढे येऊ देते.