एक तारीख, अनेक पावले
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिन म्हणजे तारखेचा सण. म्हणून आज तारखांविषयीच चार शब्द बोलावेत असे आम्हाला वाटले.

आपल्या आणे पठारावरच्या वयस्कर मंडळींचे शाळेचे दाखले काढून पाहा. एकाचा जन्म १ जून, त्याच्या भावाचा १ जून, शेजाऱ्याचाही १ जूनच! सगळे एकाच दिवशी कसे हो जन्मले? जन्माची नोंद कुणाकडेच नव्हती. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजींनी पोराकडे पाहून वयाचा अंदाज केला अन् १ जून टाकून दिला. आईला विचारले तर ती म्हणायची, "बाजरी काढणीला आली होती तवा." तिचे खरेच होते, पण कागदावर ते लागले नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा दिवस हरवतो.

आता दुसरी तारीख घ्या, १ जानेवारी. १ जानेवारी १८१८ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, भीमेच्या काठी कोरेगावला, इंग्रजांच्या पलटणीतले महार शिपाई पेशव्यांच्या फौजेशी लढले. बरोबर ३० वर्षांनी, १ जानेवारी १८४८ या दिवशी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, असे मानले जाते. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' हे वृत्तपत्र काढले. आणि त्यानंतर ५० वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी उभे राहिले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले.

हा ग्रहताऱ्यांचा खेळ आहे काय? मुळीच नाही. पहिल्या तीन तारखा जुळल्या, तो योगायोग. परंतु बाबासाहेब त्याच दिवशी तेथे गेले, तो योगायोग नव्हे. स्तंभावर नावे कोरलेली होती. ज्यांचा विटाळ मानला जाई, त्यांची 'नाक' शेवटी असलेली नावे दगडावर शिल्लक होती. नोंद होती, म्हणून वाट सापडली.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांतही हेच दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, हे दोन हजार वर्षांनंतर आपल्याला कळते, कारण कुणीतरी ते भिंतीवर कोरून ठेवले.

तेव्हा आमची एकच विनंती आहे. विहारात एक जाड वही ठेवा. कोण कधी जन्मले, कुणाचे मंगल परिणय कधी झाले, कोण कधी गेले, विहारासाठी कुणी विटा वाहिल्या, सारे तारीख-सालासकट लिहा. म्हाताऱ्या आयांना शेजारी बसवून विचारा. त्यांनी सांगितलेली बाजरीची काढणीसुद्धा लिहा.

आपल्या नातवंडांना आपला दिवस शोधत फिरावे लागू नये, एवढेच सांगतो आणि थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!