अभ्यासात अडखळणारी आपली मुले
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



ज्युबिलीच्या या दिवसांत आपल्या देवळाचे व पूर्वजांच्या त्यागाचे गुणगान पुष्कळ झाले, आणि ते योग्यच आहे. मला आज एका उणिवेविषयी बोलावयाचे आहे. आठवी-नववीत पोहोचलेली आपली काही मुले लेखनवाचनात इतकी मागे पडतात की, घरचे त्यांस आळशी म्हणतात, सोबती ‘ढ’ म्हणतात, आणि अखेरीस तीही तसेच मानू लागतात. मग शाळा सुटते, ती कायमचीच.

यांतील कित्येकांची बुद्धी तल्लख असते. असा मुलगा जपमाळेची सर्व रहस्ये तोंडपाठ म्हणतो, दुकानातील हिशेब चटकन सांगतो. परंतु जोडाक्षर आले की थबकतो, काना-मात्रा गाळतो, फळ्यावरील मजकूर उतरून घेईतो तास संपतो. यास अध्ययन अक्षमता म्हणतात. ती वाचनाची असल्यास डिस्लेक्सिया. हे आजकालचे खूळ नव्हे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची दृष्टी उत्तम होती, गणितही त्यास येई. मात्र साधे शब्द वाचता येत नसत. सारे शिक्षण तोंडी दिले असते तर तोच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. अशा मुलास छडी मारून काय साधणार?

आम्हा धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हिएनी यांचेच पाहा. १७८६ साली जन्मलेल्या या शेतकऱ्याच्या मुलास लॅटिन काही केल्या येईना. त्यांस हीच अक्षमता होती असे मी म्हणत नाही. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत त्यांची शाळाच उशिरा सुरू झाली. परंतु सेमिनरीच्या परीक्षेत ते अडले, तेव्हा त्यांचे गुरू फादर बॅली यांनी खटपट करून त्यांची परीक्षा मातृभाषेत घेवविली, आणि ते उत्तीर्ण झाले. १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे पापनिवेदनासाठी त्यांच्याकडे सारा फ्रान्स लोटला. फादर बॅलींनी ज्ञानाची अट सैल केली नाही, केवळ विचारण्याची रीत बदलली.

आज आपल्या देशात हीच गोष्ट कायद्याने मान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ व गरजेनुसार लेखनिक देण्याची तरतूद आहे. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. मात्र तीस अनेक फेऱ्या पडतात, म्हणून दहावीची परीक्षा तोंडावर येईतो थांबू नये. आठवीतच शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावे.

पण दाखला घेण्यास पालकच कचरतात. “फादर, मुलीच्या नावाने असा कागद झाला, तर उद्या तिला स्थळ कोण देईल?” असे एक माता मला म्हणाली. तिची चिंता मी हसण्यावारी नेत नाही. आपला समाज तसा आहे खरा. तरी विचारतो, दहावी नापास झालेल्या मुलीस चांगले स्थळ मिळते काय? शेजारी काय म्हणतील यासाठी लेकीची शाळा बुडवावी, हे मला पटत नाही.

घरी इतके करावे. धडा मोठ्याने वाचून दाखवावा व उत्तर तोंडी विचारावे. चारचौघांत वाचावयास लावू नये. मिस्सेतील वाचनाचीही सक्ती नको. भावंडांशी तुलना तर नकोच.

आणि आपल्या धर्मग्रामाने काय करावे? लेखनिक आयत्या वेळी मिळत नाही. तो खालच्या इयत्तेतील असावा लागतो, व विद्यार्थ्यासह त्याचा आधी सराव झालेला बरा. पुढील महिन्यापासून मंगळवारी व गुरुवारी सायंकाळी देवळाचे सभागृह या सरावासाठी खुले राहील. दिवा, पंखा, चहा यांची व्यवस्था आम्ही करू. वाचून दाखविण्यास सुशिक्षित भगिनी व लेखनिक होण्यास नववीची मुले हवी आहेत. त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर मजकडे नावे द्यावीत.