जुन्या वर्तमानपत्रांची किल्ली कोणाच्या हाती?

(एका सार्वजनिक वाचनालयात जमलेल्या कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे तो प्रथमदर्शनी आपल्या घरचा वाटणार नाही. ज्ञानकोश, तो विनावेतन लिहिणारी माणसे आणि जुनी वर्तमानपत्रे यांचा परस्परसंबंध, असा तो विषय आहे. दिवसभर कारखान्यात, शेतावर किंवा कचेरीत राबून आलेल्या माणसाने हे कशासाठी ऐकावे, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याला मी एकच प्रश्न विचारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास किती लोकांनी धम्मदीक्षा घेतली? कोणी तीन लाख सांगतो, कोणी पाच लाख, कोणी त्याहून अधिक. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा त्या मैदानावर असतील. त्यांना तो सागर डोळ्यांपुढे दिसत असे आणि त्यांची साक्ष तुम्हांस पुरेशी आहे. ज्यांच्या घरी दीक्षा अलीकडे झाली त्यांना ती साक्षही घरात मिळणार नाही. आणि परमुलखातला एखादा विद्यार्थी हा आकडा शोधू लागला तर तो तुमच्या आजोबांकडे येणार नाही. तो विकिपीडिया उघडील. तेथे लिहिणाऱ्या माणसाला तुमच्या आजोबांचे तोंडी सांगणे नोंदविता येत नाही. त्याला छापील पुरावा लागतो. तो पुरावा बहुतांशी जुन्या वर्तमानपत्रांत आहे, आणि ती वर्तमानपत्रे कुलुपात आहेत.

विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्याचे लेखक पगारी पंडित नव्हेत. शाळामास्तर, विद्यार्थी, निवृत्त कारकून, गृहिणी असे कोणीही तेथे लिहिते आणि कोणीही दुसऱ्याचे लिहिलेले सुधारते. कोणीही लिहावे आणि कोणीही खोडावे अशी मोकळीक जेथे आहे, तेथे भांडण मिटविण्यास काही तरी नियम हवा. तो नियम असा की, स्वतःला माहीत आहे एवढ्यावर काही लिहू नये; प्रसिद्ध झालेला आणि विश्वसनीय असा आधार दाखवावा. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘असे लिहिलेले आहे’ एवढेच सांगून गप्प बसविले गेले आणि कोठे लिहिले आहे ते पाहण्याची मात्र बंदी होती, त्यांना ‘आधार दाखव’ हा प्रश्न गोडच वाटला पाहिजे. तथापि आधार मागणे आणि आधारापर्यंत पोहोचू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली तेवढी पाळली आणि दुसरी विसरली, तर नियम न्याय्य असूनही त्याचे फळ अन्यायाचे निघते.

ते कुलूप कसले ते सांगतो. गेल्या पंचवीस वर्षांत जुन्या पत्रांच्या पृष्ठांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ठेवण्याचे काम जगभर मोठ्या प्रमाणावर झाले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने एका खासगी कंपनीच्या सहकार्याने नोव्हेंबर २०११ मध्ये असा संग्रह उघडला. आज त्यात कोट्यवधी पृष्ठे आहेत. मुंबईत १८३८ साली ‘बॉम्बे टाइम्स’ या नावाने निघालेल्या आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालेल्या पत्राचे जुने अंकही संगणकावर शोधता येतात. पूर्वी ज्या शोधाला मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे डोळे फोडून महिना लागे, तो आता एका घटकेत होतो. परंतु या कोठारांच्या दाराशी बहुधा वर्गणीची पाटी असते. मोठी विद्यापीठे ती भरतात आणि त्यांच्या प्राध्यापकांना ते दार आहे हेदेखील कळत नाही. तालुक्याच्या गावी बसून रात्री दोन तास लिहिणाऱ्या माणसाला मात्र ते पहिल्याच पावलाला लागते. मलाही लागले आहे. हवी ती बातमी सापडते, मथळ्याच्या दोन ओळी दिसतात, आणि खाली पैशांची मागणी येते. जो माणूस कामाचा मोबदला घेत नाही त्याने काम करण्यासाठी पदरचे पैसे भरावेत, असा हा व्यवहार आहे.

या अडचणीवर विकिपीडियाच्याच लोकांनी जो उपाय काढला त्याचे नाव ‘विकिपीडिया लायब्ररी’. संग्रह बाळगणाऱ्या कंपन्यांकडे आणि प्रकाशकांकडे जाऊन त्यांनी सांगितले की, आमच्या लेखकांना तुमची दारे फुकट उघडा. ते तुमच्या संग्रहाचा आधार देतील आणि जगाला तुमचे नाव कळेल. २०१२ साली हायबीम नावाच्या एका संग्रहाने एक हजार लेखकांना अशी मोफत प्रवेशिका दिली. पुढे ही यादी वाढत गेली. आज शंभराच्या आसपास संग्रह तिच्यात आहेत. जुन्या वर्तमानपत्रांचे मोठे संग्रह त्यांतच येतात.

प्रवेशाच्या अटी काय आहेत, ते नीट ऐका. नाव नोंदवून सहा महिने झालेले असावेत. एकूण पाचशे संपादने केलेली असावीत. गेल्या तीस दिवसांत निदान दहा संपादने असावीत, आणि गैरवर्तनासाठी बंदी झालेली नसावी. संपली यादी. पदवी विचारीत नाहीत. विद्यापीठाचे पत्र मागत नाहीत. आडनाव विचारीत नाहीत, आणि आडनावावरून आपल्या देशात काय काय विचारले जाते ते मी आपणांस सांगायला नको. जे काही पाहतात ते केवळ हातून झालेले काम. मराठी विकिपीडियावर केलेले कामही त्या पाचशेत धरले जाते; इंग्रजी येणे ही अट नाही. शुद्धलेखनाची एक चूक सुधारली तरी ते एक संपादन होते. एवढ्या साध्या अटींवर खुले झालेले ज्ञानाचे दार आपल्या इतिहासात मला फारसे आठवत नाही.

यातील आणखी एक सोय मला विशेष मोलाची वाटते. न्यूजपेपर्स डॉट कॉम या अमेरिकन संग्रहात लेखकाला पृष्ठावरील हवी ती बातमी कात्रणासारखी वेगळी काढून ठेवता येते, आणि ते कात्रण वर्गणी न भरणाऱ्या वाचकालाही उघडून पाहता येते. म्हणजे लेखक एकटाच आत जाऊन येत नाही, तो पुरावा हातात घेऊन बाहेर येतो आणि चौकात ठेवतो. इतर कित्येक संग्रहांत असे नाही. तेथे लेखक आत जाऊन पाहतो आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मध्यस्थाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा आपला अनुभव फारसा चांगला नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ही दारे उघडली आहेत ती कंपन्यांच्या मर्जीने. हे दान आहे, हक्क नव्हे. दान देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो, किंवा त्याचे दुकानच बंद होऊ शकते. ज्या हायबीमचे नाव मी आताच घेतले तो संग्रह २०१८ च्या अखेरीस बंद पडला, आणि त्याच्याकडे बोट दाखविणारे असंख्य दुवे निर्जीव झाले. याच्या उलट ऑस्ट्रेलियाचे पाहा. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे सरकारी खर्चाने संगणकावर आणून २००८ पासून सर्वांस फुकट खुली केली; आज ती ‘ट्रोव्ह’ या नावाने ओळखली जातात. तेथे वर्गणी नाही, अर्ज नाही, पाचशेची अट नाही. यंत्राने छापील मजकूर वाचताना ज्या चुका केल्या त्या सामान्य वाचक घरी बसून दुरुस्त करतात, आणि अशा कोट्यवधी ओळी त्यांनी दुरुस्त केल्या आहेत. सार्वजनिक पैशाने जपलेला कागद सार्वजनिकच असला पाहिजे, हे तत्त्व मला विकिपीडिया लायब्ररीच्या तडजोडीपेक्षा अधिक सरळ वाटते. परंतु सरळ मार्ग उघडेपर्यंत आडवाटेने जाऊ नये, असे मी म्हणणार नाही.

आणि दार उघडले तरी आत काय आहे? जे जपले गेले तेवढेच. अमेरिकेतील मेम्फिस शहरात आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय बाई ‘फ्री स्पीच’ नावाचे पत्र चालवीत होत्या. मार्च १८९२ मध्ये तेथील तीन कृष्णवर्णीय माणसांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. त्यांतील एक वेल्सबाईंचा स्नेही होता. त्यांचे दुकान गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करीत होते, हा त्यांचा खरा अपराध. वेल्सबाईंनी त्यावर निर्भीडपणे लिहिले. मे महिन्यात त्या परगावी असताना जमावाने त्यांच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. त्यांना मेम्फिसला परतता आले नाही. त्यांनी न्यूयॉर्कच्या पत्रातून लढा पुढे चालविला. आज त्या ‘फ्री स्पीच’ पत्राचे अंक जवळजवळ मिळत नाहीत. त्यात काय लिहिले होते ते मुख्यतः इतर पत्रांनी उतरून घेतलेल्या मजकुरावरून कळते. याच बाई १९३१ साली वारल्या तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला नाही. तो त्या पत्राने छापला मार्च २०१८ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांनी. केवळ त्या पत्राचे जुने मृत्युलेख चाळून थोर माणसांची यादी करणाऱ्या लेखकाला वेल्सबाई भेटल्याच नसत्या.

आपल्याकडील स्थिती याहून फार वेगळी नाही. शिवराम जानबा कांबळे यांचे ‘सोमवंशीय मित्र’ १९०८ साली निघाले. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने छापले, म्हणून ते आज आपल्या हाती आहेत. पण गावोगावच्या लहान पत्रांचे काय? वर्तमानपत्रांच्या प्रती राष्ट्रीय व इतर ठराविक ग्रंथालयांत पाठविण्याचे बंधन आपल्या कायद्यात आले ते १९५६ साली. त्यापूर्वीचे जे वाचले ते कोणी तरी जपले म्हणून वाचले. इंग्रज सरकार मात्र देशी पत्रांवर नजर ठेवण्यासाठी दर आठवड्यास त्यांतील मजकुराचे इंग्रजी सारांश करवून घेत असे. त्यामुळे मूळ अंक नष्ट झालेल्या कित्येक पत्रांचे आवाज आज केवळ पहारेकऱ्याच्या वहीत शिल्लक आहेत.

महाड येथे २० मार्च १९२७ रोजी जे घडले त्याची हकीकत केवळ तत्कालीन मोठ्या पत्रांवरून लिहिली तर ती कशी होईल, याची कल्पना आपण करू शकता. ‘बहिष्कृत भारत’ त्यानंतर दोनच आठवड्यांनी निघाला, त्याचे एक कारण तेच होते. यासाठी मी म्हणतो की, एका बाजूचेच कोठार खुले होणे ही अर्धी मुक्तता आहे. विकिपीडिया लायब्ररीतील वर्तमानपत्रे प्रामुख्याने इंग्रजी आणि युरोपीय भाषांतील आहेत. मराठी पत्र छायाचित्रित झाले तरी त्यात शब्द शोधणे अवघड जाते, कारण झिजलेल्या खिळ्यांनी छापलेली जोडाक्षरे आणि तुटलेली शिरोरेषा यंत्राला नीट वाचता येत नाही. ऑस्ट्रेलियातील वाचकांनी घरी बसून केले ते काम येथे आपल्या मुलामुलींना करावे लागेल. मराठी विकिस्रोत या प्रकल्पात पानाचे चित्र एका बाजूस ठेवून दुसऱ्या बाजूस मजकूर टंकून घेण्याची सोय आज उपलब्ध आहे.

कायद्याची भीती काही जणांना वाटते, ती अंशतः रास्त आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राखीव असतो; निनावी मजकुराच्या बाबतीत ती साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन या हिशेबाने १ जानेवारी २०१७ पासून सर्वांस खुले झाले आहे. एखाद्या अंकातील सही असलेला लेख कोणाचा आणि तो लेखक केव्हा वारला, हे पाहूनच तो चढवावा. घाईने चढविलेला मजकूर काढून टाकावा लागतो आणि मग सगळ्याच कामाविषयी संशय निर्माण होतो.

तुमच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, तसबिरीच्या पाठीमागे जुने अंक असतील. त्यांतील बाबासाहेबांचे चित्र कापून काढू नका. चिकटपट्टी लावू नका; ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही घेऊन जाते. प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. छायाचित्र घ्यावयाचे तर पूर्ण पानाचे घ्या, आणि पत्राचे नाव, तारीख, वर्ष व अंकाचा क्रमांक चित्रात आलाच पाहिजे. त्यांवाचून ते पान ज्ञानकोशाच्या लेखकाच्या उपयोगाचे नाही.

पुढील रविवारी सकाळी दहा वाजता याच जागी दोन संगणक मांडलेले असतील. ज्यांना विकिपीडियावर नाव नोंदवावयाचे असेल त्यांना ते शिकविले जाईल. ज्यांच्यापाशी जुने अंक असतील त्यांनी ते सुती कापडात गुंडाळून, न मुडपता आणावेत. प्रत्येक अंकाची पावती दिली जाईल आणि छायाचित्र घेऊन झाल्यावर अंक त्याच दिवशी ज्याचा त्यास परत केला जाईल.