डोंगर वाळतो तेव्हा

फाल्गुन लागला की बदलापूर-अंबरनाथच्या डोंगरांचा रंग पिवळा होतो. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, सागाची पानं गळून पडलेली असतात. त्यात मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे, गरम वारे येतात. समुद्रावरचा दमट वारा उल्हासनगर-बदलापूरपर्यंत उशिरा पोचतो, म्हणून दुपारी इथला पारा मुंबईपेक्षा वर चढतो. मलंगगड, चंदेरी, बारवीचं जंगल अशा वेळी एका ठिणगीनं पेटतं.

वणवा चढावर जास्त वेगानं धावतो, कारण ज्वाळांची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, चंडोल यांना तेव्हा ती वाचवता येत नाहीत.

आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात: फेकलेली विडी, सहलीतली न विझवलेली चूल, भाताच्या राबाची रानात शिरलेली आग. जाळल्यानं गवत चांगलं येतं, हा समज तर फार घातक आहे. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. राब भाजायचाच असेल, तर कडेचं गवत आधी काढा, वारा पडल्यावर पेटवा आणि विझेपर्यंत हलू नका. डोंगरावर धूर दिसला, तर वनविभागाचा क्रमांक आहे 1926.