‘बॉयकॉट’ आणि ‘बहिष्कार’ : एक शब्द, दोन कुळे

(अमरावती येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘बॉयकॉट’ हा शब्द इंग्रजीत आज इतका रुळला आहे की, मुळात ते एका माणसाचे आडनाव होते याची आठवण इंग्रजांनाही सहसा होत नाही. चार्ल्स बॉयकॉट हा सैन्यातून निवृत्त झालेला कॅप्टन. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी होता. १८७९ साली पीक बुडाले होते. त्याच वर्षी मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने ‘लँड लीग’ ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली. पुढल्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. जमीनदार दहा टक्क्यांवर अडून बसला आणि बॉयकॉटने कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा काढल्या.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेल यांनी उपाय सुचविला होता : जो दुसऱ्याच्या हिसकावलेल्या जमिनीवर जाऊन बसेल, त्याला कोणी मारू नये, त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, प्रार्थनामंदिरात कोणी बोलूही नये. मेयोच्या लोकांनी तो उपाय कारभाऱ्यालाच लागू केला. शेतमजूर निघून गेले, घरातील नोकर गेले, लोहार आणि परटीण येईनाशी झाली, दुकानदार माल देईना. शेतातील बटाटे व सलगम काढण्यासाठी उत्तरेकडून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकासाठी सरकारचे व त्याच्या पाठीराख्यांचे दहा हजार पौंड खर्ची पडले असा तेव्हाचा हिशेब आहे. १ डिसेंबर रोजी बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या कृतीला नाव कसे पडले, ती हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन बातमीदाराने नोंदविली आहे. वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत ग्रीक वळणाचा एक जड शब्द होता. तो कुळांच्या तोंडी बसणार नाही, अशी अडचण निघाली. तेव्हा गावचे धर्मगुरू फादर ओमॅली म्हणाले, मग सरळ ‘बॉयकॉट करणे’ म्हणू या. काही आठवड्यांत शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत गेला आणि थोड्याच वर्षांत फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला. राजकीय शब्द सहसा पंडितांच्या टाकसाळीत घडतात. हा मात्र अर्धपोटी कुळांच्या सोयीसाठी घडला. (वऱ्हाडच्या इतिहासात ‘मेयो’ हे नाव निराळ्या वाटेने येते. १८७० साली खामगावच्या कापसाच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन करणारा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हाही आयरिश उमराव. त्याच्या किताबात याच परगण्याचे नाव होते.)

बॉयकॉट १८९७ च्या जूनमध्ये वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. पुढे आठ वर्षांनी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे एक सूत्र बनले आणि त्यांचे सहकारी खापर्डे यांच्याबरोबर ते वऱ्हाडातही आले. वऱ्हाडला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची फारशी गरज नव्हती. येथला कापूस गाठी बांधून मँचेस्टरला जात होता आणि कापड होऊन चढ्या किमतीने परत येत होता.

परंतु मराठीत या शब्दाची एक गफलत झाली, आणि कार्यकर्त्यांनी विचार करायचा तो तिचाच. इंग्रजीला नवा शब्द घडवावा लागला. मराठीकडे तो तयार होता. ‘बहिष्कार’ हा धर्मशास्त्राचा आणि जातपंचायतीचा जुना शब्द. रोटी-बेटी बंद करणे, न्हावी-परीट बंद करणे, ग्रामण्य, वाळीत टाकणे ही सारी त्याची भावंडे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचा पेला समोर आल्यावरून जे ग्रामण्य माजले, त्यात रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला होता. परसत्तेविरुद्धचे शस्त्र आणि जातीच्या कोतवालाची काठी, दोन्हींना मराठीने एकच नाव दिले.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हे. ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. परदेशी कापडाची होळी करणाऱ्या देशातच आणखी एक देश बहिष्कृत होता, हे त्या दोन शब्दांनी सांगून टाकले. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला. १३ नोव्हेंबरला येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनीच भूषविले.

१९३० साली मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने आपला अहवाल दिला, डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्याने आपला हक्क वापरू म्हटले की गाव एक होते, रस्ता बंद होतो, वाणी सामान देत नाही, आणि हे सारे कायद्याच्या चौकटीत राहून. म्हणूनच हे हत्यार उघड मारहाणीपेक्षाही घातक आहे, असा समितीचा निष्कर्ष होता. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या योजनेत आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि नमुना म्हणून ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

मेयोचे कूळ आणि वऱ्हाडातील गावकूस यांत फरक तो कोणता? कृती बाहेरून सारखीच दिसते; लोहार तेथेही आला नाही, येथेही येत नाही. फरक आहे तो कोण कोणावर अवलंबून आहे, यात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बायांनी मोठ्या खातेदाराच्या शेताकडे पाठ फिरविली तर त्याचे बोंड जमिनीवर गळते, आणि त्यांचीही मजुरी बुडते. किंमत दोन्हीकडे मोजली जाते. त्याच खातेदाराने गाव गोळा करून त्या बायांचे पाणी आणि पिठाची गिरणी बंद केली, तर त्याला काहीच मोजावे लागत नाही. जर्मनीत १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यूंच्या दुकानांपुढे पहारे बसविले, त्यालाही ‘बॉयकॉट’च म्हटले गेले, आणि माँटगोमेरीच्या निग्रो जनतेने १९५५-५६ साली ३८१ दिवस शहराच्या बसमध्ये पाय ठेवला नाही, त्यालाही. शब्दकोश या दोहोंत फरक करीत नाही. गांधींनी मात्र असहकाराच्या ऐन भरात तो केला होता : विरोधकाची पदवी, त्याचा मानसन्मान नाकारा, पण त्याचे पाणी किंवा वैद्य तोडणे हा रानटीपणा आहे.

कायद्याची वाट लांबची ठरली. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने, धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर, तो रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ च्या एप्रिलमध्ये संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या कायद्यातही २०१६ च्या जानेवारीपासून सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून अंतर्भूत झाला.

तेव्हा एखाद्या गावातून ‘आमच्यावर बहिष्कार टाकला’ अशी तक्रार आली, तर त्या एका शब्दावर अर्ज लिहू नये. पोलीस ठाण्यात तो भांडणतंटा म्हणून बाजूला पडतो. कोणत्या दिवशी बैठक झाली, कोण बोलले, विहीर बंद झाली की नळ, गिरणीवाल्याने दळण कधी परत केले, दुकानदाराने काय नाकारले, कोणाची मजुरी तुटली, मयतीला कोण आले नाही, हे तारीखवार लिहावे. तक्रार खुद्द पीडिताला करता येते, तशीच त्याच्या कुटुंबीयालाही. त्यामुळे घाबरलेल्या माणसाचा भाऊ किंवा बायको सोबत घेऊन ठाण्यात जावे.