तापीकाठचा उन्हाळा आणि टर्बो इंजिनाची ताकद

इंजिनाची ताकद इंधनातून येते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी सिलिंडरमध्ये जितकी हवा पोहोचते तितकेच इंधन नीट जळत असल्यामुळे ताकदीचा हिशेब हवेपासूनच मांडावा लागतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिच्यात बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावर बसवलेला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारे चक्र, बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. आजचा टर्बो याच तत्त्वावर चालतो.

कमी खर्चात ताकद वाढवण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे रिमॅप, अर्थात इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकातील इंधनाचे आणि हवेच्या दाबाचे आकडे बदलणे. परंतु पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी तयार होणाऱ्या फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल इंजिनाचे उदाहरण या बाबतीत सावध करणारे आहे. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या रूपात साधा टर्बो होता, तर ९० अश्वशक्तीच्या रूपात, धुराचा मार्ग गरजेप्रमाणे अरुंद-रुंद करणाऱ्या हलत्या पात्यांचा. त्या पंधरा अश्वशक्तींसाठी उत्पादकाने यंत्राचा भागही बदलला होता, केवळ आकडे नव्हे.

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात या गणितात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानात सुमारे ६ टक्के कमी हवा मावते. त्याहून मोठी अडचण कॉम्प्रेसरमध्ये आहे, कारण हवा दाबली की ती तापते: ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १४५ अंशांवर बाहेर पडते. तीच हवा इंटरकूलरने, म्हणजे वाटेतल्या जाळीदार पेटीने, तेवढ्याच दाबावर ७० अंशांपर्यंत थंड केली, तर तिची घनता एक पंचमांशाहून अधिक वाढते. म्हणून बऱ्हाणपूरच्या वाहनधारकाचा पहिला रुपया रिमॅपवर नव्हे, इंटरकूलरवर खर्च व्हावा. त्याच्या पाकळ्यांत अडकलेला चिखल आणि कीटक धुऊन काढणे, वाकलेल्या पाकळ्या सरळ करणे, हवेच्या पाइपांचे सैल क्लॅम्प आवळणे, भेगाळलेला रबरी पाइप बदलणे आणि एअर फिल्टर नवा बसवणे, या कामांना फारसा खर्च येत नाही, आणि गेलेली ताकद बहुधा येथेच सापडते.

डिझेल इंजिनात हवा न वाढवता केवळ इंधन वाढवले, तर काळा धूर निघतो, धुराचे तापमान चढते, आणि पिस्टनचा माथा व टर्बाइनची पाती धोक्यात येतात. पेट्रोल इंजिनात हवा फार तापली तर मिश्रण ठिणगीच्या बेताबाहेर पेटून ठोका बसतो, ज्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा देऊन ताकद आपणच कमी करतो. शिवाय वाढलेला जोर क्लचप्लेटवर येतो, त्यामुळे ती झिजलेली असेल तर आधी ती बदलणे, आणि ब्रेक व टायर यांचीही तपासणी करणे अत्यावश्यक ठरते. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा फेरबदल करू देत नाही, ही बाबही खर्चाच्या आधी विचारात घ्यावी लागते.

त्यानंतरच रिमॅपचा विचार योग्य ठरतो, आणि तो डिसेंबरच्या गारव्यात तपासून भागत नाही. बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या घाटात गाडी भरलेली असते, वेग कमी असल्याने इंटरकूलरवरून वाहणारा वारा घटतो, आणि इंजिनावर भार मात्र पूर्ण असतो. त्या चढावर, मे महिन्याच्या दुपारी, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे आणि धुराचे तापमान मोजून जो दाब सुरक्षित आढळेल, तोच रिमॅपमध्ये कायम ठेवावा.