सारखा ध्वनि, निराळा अर्थ

(ज्युबिलीनिमित्त पालकांच्या सभेंत दिलेलें भाषण)



मराठींत ‘पाठ’ हे शब्द दोन आहेत. एक शरीराची पाठ, दुसरा शाळेंतला पाठ. पहिला ‘पृष्ठ’ शब्दापासून आला, दुसरा ‘पठ्’ धातूपासून. आपला घोटाळा होत नाहीं, कारण दोन्ही शब्द जिवंत आहेत. परंतु अशा जोडींतील एक शब्द व्यवहारांतून गेला व जुन्या ग्रंथांतच उरला, म्हणजे वाचक फसतो. आपलीं मुलें आज शास्त्रपाठ इंग्रजींतून वाचतात. म्हणून आईबापांनीं हें जाणावें.

पहिलें उदाहरण ‘लेट’. आजचा ‘लेट’ म्हणजे होऊं देणें. जुना ‘लेट’ निराळ्या धातूचा. त्याचा अर्थ अडविणें! १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायांत, तो याच अर्थानें आला आहे. तेथें आजचा अर्थ घेतला, तर अधर्माला रोखणारा त्याला मोकळीक देणारा ठरतो. १५८२ च्या ऱ्हीम्स येथील कॅथलिक भाषांतरांत ‘धरून ठेवणें’ या अर्थाचा शब्द असल्यानें हा घोटाळा होत नाहीं. हा जुना ‘लेट’ आपल्या भारतीय पासपोर्टांत मात्र अद्याप आहे: धारकास ‘लेट’ व अडथळ्यावांचून जाऊं द्यावें, अशी तेथें राष्ट्रपतींच्या नांवानें विनंति असते.

दुसरें ‘इअर’. कान, धान्याचें कणीस आणि जमीन नांगरणें, या अर्थांचे हे तीन वेगळे शब्द. सेमिनरींत लॅटिन ‘आरारे’ म्हणजे नांगरणें, हा धातु आम्हीं पाठ केला. तिसरा ‘इअर’ त्याचाच भाऊबंद. उत्पत्तीच्या ४५ व्या अध्यायांत योसेफ दुष्काळाविषयीं बोलतो, तेथें १६११ च्या भाषांतरांत हा नांगरणीचा शब्द आहे. मूल तेथें कान शोधीत बसेल!

तिसरें ‘मीट’. भेटणें, मांस आणि ‘योग्य’. जुन्या इंग्रजी मिस्सा-पुस्तकांत ‘योग्य’ या अर्थाचा ‘मीट’ होता. मांसवाचक शब्दही पूर्वीं सर्व अन्नाला लागे. म्हणून १६११ च्या भाषांतरांत लेवीय पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायांतलें ‘मीट’चें अर्पण पीठ, तेल व धूप यांचें आहे. मांसाचा त्यांत लवलेशही नाहीं.

अनोळखी शब्द दिसला कीं मूल कोश उघडतें; ओळखीच्या शब्दापाशीं कोणी थांबत नाहीं. खरा धोका तेथेंच. म्हणून वाक्याचा अर्थ जुळेनासा झाला, तर शास्त्राला दोष देऊं नये, मुलावरही रागावूं नये. दोघांनीं मिळून मोठा कोश पाहावा. वडीलधाऱ्यांचें बोलणें पुरतें ऐकून मग उत्तर द्यावें, ही आपल्या घरांची रीत आहे. जुन्या ग्रंथांसही तोच मान द्यावा, इतकीच माझी विनंति.